रुखमाबाईचा खराटा

हल्ली कोणाच्याही घरी जा, चहाचा कप हातात यायच्या आधी उन्हाचा विषय निघतो. हवामान बिघडलं, पाऊस बेभरवशाचा झाला, झाडं राहिली नाहीत, कोणी काही करत नाही! बोलणारे सगळे पंख्याखाली पाय पसरून बसलेले असतात. माझं डोकं फिरतं. अहो, करणारी होती एक. सावंगझरीच्या गोंड टोलीतली रुखमा इरपाते. तिनं काय केलं ते सांगते, मग बोला काय बोलायचं ते.

आधीच सांगून ठेवते, तिचं-माझं पटत नव्हतं. ती तोंडाची फटकळ, मी तिच्याहून वरचढ. माझे यजमान श्रीनिवासराव सावंगझरीच्या शाळेत मास्तर. लग्न होऊन मी वर्ध्याहून तिथं गेले ते साल पन्नास. जामहून गिरडच्या बाजूला निघालं की मध्येच एक बैलगाडीची वाट आत वळायची, ती या गावाला जायची. शाळा आणि आमची खोली नाल्याच्या अलीकडे, टोली पलीकडे आणि टोलीच्या मागं टेकडी. टेकडीच्या पायथ्याला खडकातून एक झिरा निघायचा. तो नाल्यात उतरायचा आणि दोन्ही काठांचं पिणं, धुणं, जनावरं, सगळं त्याच्यावर चालायचं. चैत-वैशाखात धार बारीक व्हायची, पण तुटायची नाही.

टेकडीवर तेव्हा असं जंगल होतं की भर दुपारी वर गेलं तरी डोक्यावर पदर घ्यावा लागत नसे. पहिल्या उन्हाळ्यात मी पहाटे उठून पांघरूण शोधलं होतं. वैशाखात पांघरूण! माहेरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, "ताई, थापा मारायलाही अक्कल लागते."

रुखमा तेव्हा चाळिशीची असेल. उंच, काळीसावळी, हातापायांवर गोंदण, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चालताना जमीन दणकायची. नवरा पुनाजी इतका गरीब स्वभावाचा की दोघांच्या वाटणीचं ती एकटीच बोलायची. मुलगा माणिक, नुकतं लग्न झालेला. दीर कवडू टोलीतला मानाचा माणूस. टेकडीच्या पायथ्याला मोहाच्या झाडांची रांगच रांग होती आणि टोलीतल्या प्रत्येक घराचं त्यात एक झाड. सून घरात आली की सासू तिला पायथ्याशी नेऊन झाड दाखवायची, "हा तुहा." रांगेतलं अगदी शेवटचं, नाल्याकडचं झाड रुखमाचं. त्याच्या फांदीला झोळी बांधून तिनं माणिकला वाढवलं होतं. बुंधा पोखरून पोकळ झाला होता, पण फुलायचा असा की फांद्या वाकायच्या.

एक्कावन्न साली मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, गेली. कायदा येणार हे मालगुजाराला आधीच कळलेलं. जंगल सरकारजमा व्हायच्या आत विकून मोकळं व्हावं म्हणून त्यानं हिरालाल नावाच्या ठेकेदाराला टेकडी देऊन टाकली. हिवाळाभर कुऱ्हाडी चालल्या. साग, धावडा, ऐन, सगळं आडवं. जाड लाकूड हिंगणघाटला कापसाच्या जिनांच्या बॉयलरसाठी गेलं आणि उरलेल्याच्या टेकडीवरच कोळशाच्या भट्ट्या लागल्या. तोडायला माणसं कोणती? टोलीचीच. कवडूसुद्धा होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही.

रुखमा एकटी हिरालालच्या आडवी गेली होती. तो म्हणाला, "बाई, जंगल काय तुझ्या बापाचं आहे?"

"बापाचं नाई, माह्या आजीचं हाय," ती म्हणाली. "तुहं काय हाय इथं? कुऱ्हाड बी दुसऱ्याच्याच हातात हाय तुही!"

हिरालालनं टोलीतून जायची वाट सोडली, पण जंगल सोडलं नाही. मोहाला हात लावायचा नाही हा जुना रिवाज, तेवढी पायथ्याची रांग वाचली. बाकी टेकडी मार्चअखेर न्हाव्यानं डोई केल्यासारखी झाली. भट्ट्यांचा धूर महिनाभर नाल्यावर तरंगत होता. मी डोळे चोळत म्हणायची, जाईल वर आणि संपेल. आम्हाला सगळ्यांना तसंच वाटायचं. धूर वर गेला की संपतो. आता पेपरात येतं की तो संपत नाही, वर साचतो आणि सगळी हवाच तापवतो. आमच्या टेकडीचाही वाटा त्यात असणार.

पण ते पुढचं. आमच्यापुरती हवा तापली ती लगेच. माघातच गरम वारं सुटायला लागलं. सकाळी गवतावर दव पडायचं ते बंद झालं. पाऊस आला की टेकडीवर थांबायला काही नाही, धो-धो लाल पाणी नाल्यात आणि दोन दिवसांनी नाला पुन्हा कोरडा. वरची माती लोकांच्या वावरात येऊन बसली. मास्तर शाळेत मुलांना शिकवायचे, झाडाची मुळं पाणी धरतात, पानं हवेत ओलावा सोडतात. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मुळं गेली ना आता! पाणी कोण धरणार, तुम्ही?"

त्रेपन्न-चौपन्नपर्यंत झिरा होळीच्या आधीच आटायला लागला. टोलीत मग एक नवीनच रीत सुरू झाली. मोहाची फुलं वेचून झाली की घरांना कड्या लावायच्या आणि पाण्यासाठी, पोटासाठी बाहेर पडायचं. कोणी आंजीकडे शेतांवर, कोणी हिंगणघाटला. पाऊस पडला की परत. पण दरवर्षी एखादं घर परत यायचंच नाही. माणिकही बायकोला घेऊन हिंगणघाटला गेला आणि गिरणीत लागला. जाताना आईला म्हणाला, "माय, झिऱ्याले चैतात पाणी राहीन ना, तवा बोलाव मले. मी धावत येतो. कोरड्या नाल्यात काय रेती खाऊ?"

रुखमा त्याला एक शब्द बोलली नाही. रुखमा आणि गप्प! मला ते बघवलं नव्हतं. त्या दिवसापासून तिचा एकच ध्यास. झिऱ्याला चैतात पाणी आलं पाहिजे. म्हणजे माणिक येईल, म्हणजे टोली राहील.

आता आमचं भांडण. पंचावन्न सालचा फागुन. नाल्याच्या रेतीत खड्डे करून आम्ही बायका वाटी-वाटीनं पाणी काढत बसायचो. आदल्याच दिवशी मी कुरडया घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. दुपारी बघते तर सगळ्यांवर काळी राख! मास्तरांचं धोतर वाळत होतं, त्यावरही टिपके. दरवर्षी या दिवसांत टोलीची माणसं मोहाखालचा पालापाचोळा पेटवायची आणि वाऱ्यानं राख थेट माझ्या अंगणात. आधीच पाण्याचा ठणठणाट, त्यात पुन्हा धुवायचं काम. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

खड्ड्याशी रुखमा दिसली आणि मी सुरूच झाले. "रुखमाबाई, तुमच्या टोलीची राख माझ्या कुरडयांवर येऊन पडते. खाऊ का मी राख?"

"राख का कोनाले विचारून पडते?" ती म्हणाली. "मालगुजारानं जंगल नेलं तवा कुठी गेलती तुही जीभ? तवा त्याले काऊन नाई बोलली?"

"मालगुजारानं एकदाच नेलं. तुम्ही दरसाल जाळता! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून!"

"तुही जीभ हाय का इळा?" ती उठून उभी राहिली. बाकीच्या बायकांनी भांडी आवरली. मला वाटलं, आता झिंज्या धरणार. पण ती वळून टेकडीकडे बघायला लागली. मग अर्धा भरलेला पाण्याचा गुंड तिथंच ठेवून ती टोलीच्या वाटेनं नाही, टेकडीच्या वाटेनं निघाली.

मी जे बोलले ते कुरडयांच्या रागानं बोलले. जंगलाचं मला काय कळत होतं? काहीतरी लागेल असं बोलायचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर हजर. पदरात काहीतरी गुंडाळलेलं. तिनं ते माझ्यापुढं ओतलं. काळ्या पडलेल्या, बोटभर लांबीच्या काड्या.

"हे पाह्य. हा साग. हा धावडा. हा येन. हिरालालनं बुंधे तोडले, मुळं नाई नेली. ठुठायले फुटवे येतात, मास्तरीण. दरसाल येतात." तिनं एक काडी उचलून मोडली. "अन् दरसाल आमीच जाळतो."

मास्तर पुस्तक मिटून उठले. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, "भांडखोर हायेस तू. पर काल खोटं नाई बोलली."

मला सांगा, असं किती जणांना जमतं? भर नाल्यात, बायकांच्या देखत कोणी टोमणा मारावा आणि आपण त्याचं उत्तर शोधायला भर उन्हात टेकडी चढून जावं, आणि उत्तर आपल्याच विरुद्ध निघालं तर ते पदरात बांधून टोमणा मारणारीच्याच दारी आणून ओतावं! मला अजून जमलेलं नाही.

ते जाळणं काय होतं ते सांगायला हवं. मोहाचं फूल पहाटे गळतं. खाली पानांचा जाड थर असला तर फूल दिसत नाही, सापडत नाही. म्हणून फुलं पडायच्या आधी पालापाचोळा पेटवायचा, जमीन साफ. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. आग टेकडीवर चढायची आणि आपोआप विझायची. जंगल मोठं होतं तेव्हा त्याचं काही बिघडत नव्हतं. झाडं उंच, खालची जमीन ओली. पण आता वर मोठं झाड नव्हतंच, नुसते बोटभर फुटवे होते. मालगुजाराच्या नावानं बोटं मोडता मोडता टोली दरवर्षी स्वतःच्या हातानं जंगल पुन्हा मारत होती आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यातही ती आग साधी नव्हे. होळी पेटली की कवडू तिच्यातला निखारा खापरात घेऊन मोहाच्या रांगेला जायचा. तो मान त्याच्या घराण्याचा. पुढच्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो असाच निघाला तेव्हा रुखमा आपल्या झाडाखाली उभी. शेजारी पाण्याचं मडकं. मीही गेले होते, खोटं कशाला बोलू, मला तमाशा बघायचा होता.

"फिरव," ती कवडूला म्हणाली. "मोहाभोवती फिरव इस्तो. त्याचा मान त्याले दे."

कवडूनं झाडाला फेरी घातली. तो पाचोळ्याला निखारा लावायला वाकला तशी तिनं खापर त्याच्या हातातून घेतलं आणि मडक्यात बुडवलं. चर्र झालं.

"वयनी!" कवडू ओरडला. "होळीचा इस्तो इझवला तू?"

"हाव, इझवला. मोहानं कधी इस्तो मांगतला होता तुले? खराट्याचा कंटाळा म्हून आपन लावतो, अन् नाव देवाचं सांगतो."

"बाप-आज्यापासून चालत आलं हाय हे."

"बाप-आज्याच्या टायमाले वर जंगल होतं. कुठी हाय ते? दाखव मले!"

"मंग झाडन कोन एवढी रांग?"

"मी झाडीन," रुखमा म्हणाली. "सारी."

आणि तिनं झाडली, हो! तुराट्यांचा खराटा घेऊन पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत. सगळ्यांच्या झाडांखाली, कोणाचं झाड ते न बघता. पाला ओढून खड्ड्यात टाकायचा, वर माती. दिवस उगवायला सुरुवात, ऊन डोक्यावर येईस्तोवर. कंबर धरायची, मग ती झाडाला पाठ टेकून शिव्या घालायची. कवडूला, हिरालालला, मला, पाल्याला. एक दिवस मला राहवलं नाही. शाळेचा खराटा घेऊन मी नाला ओलांडला.

तिनं खराट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा? दोन झाडं बी नाई पुरायचा हा. अन् तू तं एक बी नाई."

तीन झाडांखालचं झाडलं मी. रात्री हात वर होईना. मास्तर तोंड फिरवून हसत होते.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी कवडूची बायको गंगा खराटा घेऊन आली. नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थोरली जाऊ आमच्या झाडाखाली झाडून राह्यली अन् आमी बसून पाह्यचं? लाज हाय का नाई कोनाले?" मग एकेक करून बाकीच्या आल्या. कवडू मात्र जित्याची खोड म्हणतात तसा. आपल्या झाडाखाली त्यानं काडी लावलीच, आणि आग वर चढू नये म्हणून रुखमा ओल्या पोत्यानं बडवत त्याच्या मागं फिरली. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं निखारा फिरवला आणि मुकाट्यानं स्वतःच मडक्यात टाकला. तेव्हापासून तोच मान झाला. बघा, रिवाज मोडला नाही तिनं, फक्त शेवट बदलला.

मधल्या काळात आमचं राज्य बदललं. मध्यप्रदेशातून काढून आम्हाला मुंबई राज्यात टाकलं. मास्तरांना नवीन कागद आले, शाळेवर नवी पाटी लागली. रुखमानं विचारलं, "मुंबईवाले पानी धाडतीन का?" मी म्हटलं, "पाटी धाडली आहे. ती पी."

पण टेकडी हिरवी होत होती. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्याएवढी, मग माणूस आत गेला तर दिसेना. तोडलेल्या एका बुंध्यातून पाच-पाच फुटवे. मोर ओरडायला लागले. रुखमा बकऱ्यांच्या मागं धावायची, बकरीवाल्यांच्या मागं धावायची. पुनाजी हसून म्हणायचा, "आता वाघ आला तं त्यालेबी इचारन, काऊन आला म्हून." झिरा मात्र हट्टी. एका वर्षी होळीपर्यंत टिकला, मग आटला. ती तिथं जाऊन खडकाला हात लावायची आणि परत यायची. हिंगणघाटहून कोणी आलं की माणिकची खुशाली विचारायची, पण त्याला निरोप द्यायची नाही. काय निरोप देणार?

अठ्ठावन्न सालचा चैत लागला तेव्हाची गोष्ट. फुलं पडायला लागली होती. दुपारची वेळ, वारा असा की शाळेची कवाडं आपटत होती. रस्त्याच्या बाजूला गाडीवानांनी तीन दगडांवर स्वयंपाक केला असेल आणि न विझवता गेले असतील. पडीक वावरातलं गवत पेटलं आणि आग टेकडीकडे निघाली. मास्तरांनी मुलांना शाळेतच बसवलं. मी नाला ओलांडून धावले. टोली आधीच पायथ्याशी पोचली होती, हातात पळसाच्या ओल्या फांद्या.

आग मोहाच्या रांगेपर्यंत आली आणि तिथं अडली! खाली पाला कुठं होता? झाडलेली जमीन एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत लागून होती. जाळायला काही नाही म्हणून ज्वाळा तिथल्या तिथं बसायला लागल्या. माणसं ओरडली आनंदानं. पण रांगेच्या शेवटाला, रुखमाच्या झाडाच्या पुढं, नाल्यापर्यंत एक उताराचा तुकडा होता. दगडधोंड्यांचा, खराटा न चालणारा. त्यात कमरेएवढं वाळलेलं गवत. वारा आगीला तिकडेच वळवत होता. तिथून ती शिरली असती तर सबंध टेकडी गेली असती.

उपाय सगळ्यांना माहीत होता. आग पोचायच्या आधी ते गवत आपणच, झाडलेल्या जागेच्या कडेनं, पेटवून द्यायचं. म्हणजे आग येईल तेव्हा तिला खायला काही उरणार नाही. पण वारा रुखमाच्या झाडाच्या दिशेनं होता, आणि झाडाचा बुंधा पोकळ, आत सगळं वाळलेलं.

"वयनी, नोको," कवडू म्हणाला. "इस्तो पोटात शिरला का तुहा मोह गेला."

"लाव."

"माह्यानं नाई होत." जन्मभर निखारा वाहिलेला माणूस हात मागं घेऊन उभा होता.

रुखमानं येणाऱ्या आगीतूनच एक जळती काटकी उचलली. होळीचा निखारा पाण्यात बुडवणारी बाई! झाडापाशी गेली, बुंध्यावर हात ठेवून गोंडीत काहीतरी बोलली. मला गोंडी येत नाही. कवडूनं मागाहून सांगितलं, ती आपल्या मेलेल्या सासूला म्हणाली, तू दिलेलं मी जाळते आहे, माझ्यावर रागावू नको. मग तिनं वाकून गवताला काटकी लावली.

दोन्ही आगी एकमेकींवर आदळल्या आणि विझल्या. वर एकही ठिणगी गेली नाही. पण वाऱ्यानं ज्वाळ बुंध्याच्या भोकात शिरलीच. आत धडधड आवाज व्हायला लागला, शेंड्यातून धूर निघाला. बायका मडकी घेऊन धावल्या तर रुखमानं दोन्ही हात पसरून अडवलं.

"पानी नोको वाया घालवू. प्यायचं हाय."

संध्याकाळी झाड पडलं. ती पडेपर्यंत समोर बसून होती. फांदीवरची फुलं भाजून खाली पडत होती. पुनाजी तिच्या शेजारी बसला होता. मी घरी आले आणि चूल न पेटवता रडले. मास्तर म्हणाले, "तुझं-तिचं तर भांडण ना?" मी त्यांनाही चार शब्द सुनावले.

दोन-तीन दिवस मला तिकडे जावेना. काय तोंडानं समजूत घालायची? शेवटी थोड्या कुरडया तळून घेतल्या आणि गेले. दारात पुनाजी दोरी वळत होता. "झिऱ्यावर हाय," म्हणाला. "दोन दिवस झाले, तठीच जाऊन बसते."

मी झपाझप गेले. रुखमा खडकावर बसली होती, पाय खाली सोडून. पाय पाण्यात होते.

मी नीट बघितलं. खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती आणि खालच्या खळग्यात पाणी साचून पुढं नाल्याकडे निघालं होतं. गेल्या साली पाऊस बरा झाला होता म्हणून, असं मास्तर नंतर म्हणाले. असेल. पण बरा पाऊस चौपन्नलाही झाला होता, तेव्हा तो लाल होऊन वाहून गेला होता. थांबला नव्हता.

"कुरडया आणल्यात," मी म्हटलं.

"ठेव." ती झिऱ्याकडेच बघत होती. "मास्तरीण, कोनता महिना हाय?"

"चैत."

"खरं ना?"

"पंचांग बघून सांगू का?"

"मंग हिंगणघाटले निरोप धाड. माणिकले. काय सांगायचं ते तुले माहीत हाय." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरले. तिनं ते लपवलेही नाहीत.

मी म्हटलं, "धाडते. पण आधी पिऊन बघते, खोटा निरोप नको जायला."

मी खाली बसून ओंजळ भरली. पाण्यावर राखेचे काळे कण तरंगत होते. वारं येईल तशी वरच्या जळक्या बुंध्यावरून राख उडून खळग्यात पडत होती. सवयीनं मी फुंकर मारायला ओठ जवळ नेले.

"फुकू नोको," रुखमा म्हणाली. "माह्या मोहाची हाय."

मी न फुंकता प्यायले. मग उठले आणि हिंगणघाटला जाणारी बैलगाडी गाठायला रस्त्याकडे निघाले.